अख्खं टेबल म्हणजे एकच पान

शिवोली, शनिवार, रात्र

ग्रीक जेवणात माणशी ताट असा हिशेब नसतो. ऑर्डर देताना नेमकं हेच विसरलं जातं, म्हणून आज नीट लिहून ठेवायचं आहे. आपल्या पानात मिठाची जागा ठरलेली, लिंबाची ठरलेली, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. ज्याचं त्याचं पान वेगळं आणि सगळं एकदम वाढलेलं. ग्रीक लोक पदार्थ मागवताना 'स्ती मेसी' म्हणतात, म्हणजे मध्ये ठेवा. समोर फक्त एक लहान बशी असते. अख्खं टेबल हेच एक पान आणि ते टप्प्याटप्प्यानं वाढायचं असतं.

आठ माणसांचं कुटुंब धरू: सहा मोठी, दोन मुलं. माणशी एक मुख्य पदार्थ मागवला की निम्मं अन्न उरतं आणि कुणालाच चार चवी मिळत नाहीत. आमचं गणित असं: माणसांच्या निम्मे मेझे, म्हणजे चार लहान पदार्थ, आणि तीन माणसांमागे एक मोठा पदार्थ, म्हणजे तीन. सॅलड एक, मोठं. पिटा, म्हणजे चपट्या रोट्या, मोठ्या माणसाला दीड आणि मुलाला एक, म्हणजे अकरा. पण अकराही एकदम मागवायच्या नाहीत. पिटा गार झाली की दहा मिनिटांत चिवट होते. आधी सहा, मग पाच.

गोव्यात बार्देशच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या सुमारास सगळी टेबलं एकदम भरतात आणि स्वयंपाकघर तुंबतं. मुलांना भूक लागलेली असते, मग कुणीतरी फ्रेंच फ्राइज मागवतं आणि मुलांचं जेवण तिथेच संपतं. बसल्या बसल्या दोन डिप आणि सहा पिटा सांगून टाकाव्यात, मेनू नंतर वाचावा. वेटरला पहिल्यांदाच स्पष्ट सांगायचं: 'सगळं एकदम आणू नका, मोठे पदार्थ आम्ही सांगू तेव्हा लावा.' हे एक वाक्य राहिलं तर सगळ्या बशा एकाच वेळी येतात, ठेवायला जागा उरत नाही आणि गरम खायचं ते गार होतं.

डिपमध्ये त्झात्झिकी हवीच. तिच्यावरून स्वयंपाकघराची पारख होते. आपल्याला ती चटकन कळते, कारण तिचा जीव चक्क्यात आहे. अर्धा किलो दही फडक्यात चार तास टांगलं की साधारण पाव किलो चक्का मिळतो. एक मध्यम काकडी किसून, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायची आणि मुठीत घट्ट पिळायची. मग लसणाची एक पाकळी वाटून, एक चमचा व्हिनेगर, दोन चमचे ऑलिव्ह तेल, शेपू किंवा पुदिना. साखर नाही, फोडणी नाही. काकडी पिळली नाही तर तासाभरात बशीच्या कडेनं पाणी सुटतं. चमचा आडवा धरल्यावर ओघळणारी त्झात्झिकी म्हणजे काकडीची पातळ कोशिंबीर. ती वाईट नसते, पण पिटावर टिकत नाही आणि मुलांच्या कपड्यांवर जाते.

दुसरं डिप मेलित्झानोसालाता. वांगं भाजून, लसूण, लिंबू आणि ऑलिव्ह तेल घालून केलेलं. भरीत खाणाऱ्या घरात हे सगळ्यांत आधी संपतं, आजी-आजोबांनाही ओळखीचं वाटतं. फावा म्हणजे पिवळी डाळ आटवून केलेलं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि तेल. ती गार झाली की थिजते, म्हणून कोमट असतानाच संपवावी.

आता शिवराकाचं, म्हणजे शाकाहारी जेवणाचं. घरात सोमवार पाळणारं कुणी असेल तर ग्रीक मेनू घाबरवतो, पण घाबरायचं कारण नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरआधी दीर्घ उपवास करतात, त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्यामुळे तेलात शिजवलेल्या भाज्या-कडधान्यांची, ज्यांना 'लादेरा' म्हणतात, मोठी परंपरा तिथे आहे. टोमॅटोत भट्टीत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे म्हणजे गिगांतेस, भाताचं सारण भरलेल्या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या म्हणजे दोल्मादेस. गुंडाळ्यांत खिमाही असतो, तेव्हा विचारूनच घ्यायच्या. एक मात्र लक्षात हवं: त्या उपवासात माकूल आणि ऑक्टोपस चालतात, कारण त्यांत रक्त नाही असं मानतात. म्हणून 'उपवासाचं' एवढंच विचारून भागत नाही.

फसगत होते ती अशी. गुलाबी रंगाचं मऊ डिप पाहून बिटाचं असेल असं वाटतं, पण तारामोसालाता ही माशाच्या गाभोळीची असते. पालकाच्या स्पानाकोपितात बहुधा अंडं असतं, मुसाका या वांग्याच्या थरांच्या पदार्थावरच्या पांढऱ्या थरातही. फ्राइज आणि माणक्या, म्हणजे माकूल, एकाच तेलात तळल्या जातात का, पिटा मांसाच्याच जाळीवर शेकतात का, हे दोन्ही प्रश्न ऑर्डर देतानाच विचारावेत. नंतर विचारून सगळ्यांचंच तोंड कडू होतं.

उष्ट्याचंही आधी ठरवून घ्यावं. ग्रीक घरांत सगळे आपापल्या काट्यानं मधल्या बशीतून घेतात. आपल्याकडच्या मोठ्या माणसांना ते रुचत नाही, आणि रुचावं असा आग्रहही नको. प्रत्येक डिपला वेगळा चमचा मागून घ्यायचा, चमचाभर आपल्या बशीत वाढून घ्यायचं, पिटा तिथेच बुडवायची. टेबल लांबट असेल तर प्रत्येक डिप दोन वाट्यांत मागावं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. नाहीतर मधले चौघं जेवतात आणि टोकाला बसलेले आजी-आजोबा 'असू दे, नको' म्हणत राहतात.

सॅलड म्हणजे होरियातिकी, खेड्यातलं. टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह आणि वर फेटाची अख्खी वडी. लेट्यूस त्यात नसतं. फेटा हे नाव युरोपात 2002 पासून ग्रीसपुरतं राखीव आहे. मेंढीचं दूध, त्यात बकरीचं फार तर 30 टक्के. आपल्याकडे त्या नावानं गाईच्या दुधाचं चीज मिळालं तर चव मवाळ लागते. वडी टेबलावरच मोडायची. तळाशी टोमॅटोचा रस, तेल आणि ओरेगानो साचतं, तो भांड्यातला सगळ्यांत चांगला घास. त्यात पाव बुडवून खाण्याला तिथे 'पापारा' म्हणतात. शेजारी पोई, म्हणजे गोव्याचा पाव, मिळाली तर पिटाहून ती बरी, रस जास्त धरते. तोवर वेटरला भांडं उचलू द्यायचं नाही.

सागानाकी, म्हणजे तळलेलं चीज, आलं की बोलणं थांबवून खावं. तीन-चार मिनिटांत ते घट्ट होतं. माणक्यांचंही तसंच. त्या एक-दोन मिनिटं तळाव्यात नाहीतर पाऊण तास मंद शिजवाव्यात, मधलं काही केलं की रबर. तळलेल्यावर लिंबू आपल्या बशीत घेतल्यावरच पिळायचं, मधल्या बशीवर पिळलं तर कुरकुरीतपणा सगळ्यांचाच जातो.

मोठ्या पदार्थांत एक मासा अख्खा भाजलेला घ्यावा. चणक, म्हणजे जिताडा, उत्तम, मांस पांढरं आणि घट्ट. वर फक्त तेल-लिंबू. बाकी एवढं असताना 800 ग्रॅमचा मासा आठ जणांना चाखायला पुरतो. भाव वजनावर असतो, तेव्हा कच्चं वजन आधी विचारावं आणि मासा डोळ्यांनी पाहावा. 1 जून ते 31 जुलै गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत माशाऐवजी सुवलाकी, म्हणजे सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे, घेतलेले बरे. सळया मोजून घ्याव्यात, आठ माणसांत सहा आल्या तर मुलांची ओढाताण होते.

दुसरा मुसाका: वांगी, खिमा आणि वर पांढरा सॉस. भट्टीतून काढल्यावर अर्धा तास मुरला तरच तुकडे सुबक पडतात. लगेच कापलेला बशीत पसरतो, त्यात बिघडलेलं काही नसतं, घाई असते. म्हणून तो सगळ्यांत शेवटी मागवावा. उरलाच तर घरी न्यावा, तळलेलं मात्र नेऊ नये. दुसऱ्या दिवशी मुसाका झाकून, ओव्हनमध्ये 160 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये वांग्याला पाणी सुटतं आणि वरचा सॉस फाटतो.