होम रन नाही, तर मग बघता काय?

"बेसबॉलला जातेस म्हणजे होम रन बघायलाच ना?" मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवात, भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडी हाच प्रश्न. "नाही" म्हटलं की लगेच पुढचा: "मग तीन तास बघता तरी काय? सगळे नुसते उभे तर असतात." आजवर हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंच आहे, तर एकदा नीट ऐका.

होम रनशी माझं भांडण नाही. पण चेंडू कुंपणापलीकडे गेला की खेळ थांबतो. मारणारा रमतगमत चार बेस, म्हणजे मैदानाच्या आतल्या चौकोनाचे चार कोपरे, फिरतो आणि बाकीचे बघत बसतात. मला आवडतो तो आत राहिलेला चेंडू. आमच्या डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कमध्ये मधलं कुंपण तेव्हा ४२० फुटांवर होतं. चेंडू तिथवर जाऊन भलतीकडेच उसळला की बघा: आउटफिल्डर (लांबचा क्षेत्ररक्षक) त्याच्यामागे, मारणारा दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे, तिसऱ्याजवळचा कोच गरागरा हात फिरवतोय आणि आतला खेळाडू थ्रो झेलायला पुढे धावतोय. कोण आधी पोचणार हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नसतं. मारणारा तिसरा बेस गाठतो तेव्हा याला ट्रिपल म्हणतात. २००७ च्या मोसमात कर्टिस ग्रँडरसनने असे २३ मारले. होम रनही त्याचे तेवढेच होते, पण मला त्यांतला एक आठवत असेल तर शपथ.

याहून दुर्मीळ म्हणजे चेंडू मैदानातच असताना मारलेला होम रन. इचिरोने २००७ च्या ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्यात मारला होता. चेंडू सॅन फ्रान्सिस्कोच्या उजव्या भिंतीवर आपटून आउटफिल्डर ग्रिफीच्या अंदाजाच्या उलट दिशेला पळाला. त्या सामन्याच्या इतिहासातला तो तसा पहिलाच. किंवा होम स्टील: पिचर चेंडू टाकतोय आणि तिसऱ्या बेसवरचा माणूस थेट होमकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसकडे, सुसाट सुटतो. जॅकी रॉबिन्सनने १९५५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मोसमाच्या अंतिम मालिकेत) हे केलं. पंच सेफ (नाबाद) म्हणाला, कॅचर योगी बेरा मात्र जन्मभर "आउटच होता" म्हणत राहिला. आणि एकट्याने केलेली ट्रिपल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर तिघे बाद! एरिक ब्रंटलेटने २००९ मध्ये झेल घेतला, पाय बेसवर टेकवला, समोरून धावत येणाऱ्याला हात लावला. तिघे बाद, सामना खलास. मोठ्या लीगच्या इतिहासात असं फक्त १५ वेळा झालंय. परफेक्ट गेमसुद्धा, म्हणजे समोरचे सत्तावीसच्या सत्तावीस गडी एकालाही बेसवर पोचू न देता बाद केलेले सामने, २४ आहेत.

परफेक्ट गेमवरून आठवलं असं म्हणणार नाही, कारण विसरलेच नाहीये. २ जून २०१०. आईबाबा नाशिकहून आले होते. बाबांनी तिकडे बरीच वर्षं क्लबच्या सामन्यांत पंचगिरी केलेली. आमच्या टीव्हीवर डेट्रॉइटचा आर्मांडो गलारागा क्लीव्हलंडचे गडी एकामागून एक परत पाठवत होता. सव्वीस आले, सव्वीस गेले, पहिल्या बेसवर कुणाचा पाय लागला नाही. शेवटच्या डावात ऑस्टिन जॅक्सनने होमकडे पाठ करून कुंपणापर्यंत धावत जाऊन झेल घेतला तेव्हा बाबा, चहाचा कप हातात तसाच, उभे राहिले. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. जमिनीवरून चेंडू, डेट्रॉइटच्याच काब्रेराने अडवून फेकला, गलारागाने पहिल्या बेसवर धावत येऊन टिपला, पाय बेसवर. डोनाल्ड अजून पोचायचा होता. आणि पंच जिम जॉइसने दोन्ही हात पसरले: सेफ!

मी किंचाळले. गलारागा नुसता हसला. टीव्हीवाले तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवू लागले, प्रत्येक वेळी आउट. बाबा म्हणाले, "दिलाय ना त्याने? मग झालं. पुढचा चेंडू." मी म्हटलं, अहो बाबा, दिसतंय ना समोर! "तुला दिसतंय. त्याला तिथे उभं राहून एकदाच दिसलं." मग मी म्हणाले, तुमच्यासारख्या पंचांमुळेच पोरांचं वाटोळं होतं. बाबा उठून खोलीत गेले. असं बोलायला नको होतं, असं आईचं मत. माझं म्हणणं, विषयच तसा होता.

त्याच रात्री जॉइसने चित्रफीत पाहिली आणि आपण त्या पोराचा परफेक्ट गेम घालवला, हे रडत कबूल केलं. दुसऱ्या दिवशी होमवर तोच पंच. संघाची यादी त्याच्या हातात द्यायला गलारागा स्वतः गेला. जॉइस डोळे पुसत होता. बाबा म्हणाले, "पोरगं चांगलं आहे." मी विचारलं, आणि रेकॉर्डचं काय? ते पेपर वाचायला लागले. राज्याच्या गव्हर्नरबाईंनी तो परफेक्ट गेम असल्याचं जाहीर केलं, गलारागाला कॉर्व्हेट गाडी भेट मिळाली, पण लीगच्या प्रमुखाने, कमिशनरने, निकाल बदलला नाही.

तेव्हा मी भेटेल त्याला सांगत होते, निकाल तपासायला कॅमेरा आणा. २०१४ मध्ये आणला. आता होमवर धूळ उडते, पंचाचे हात पसरतात, आम्ही ओरडायला तोंड उघडतो आणि पंच कानाला हेडफोन लावून उभे राहतात. निकाल न्यूयॉर्कहून येतो. इतका वेळ वाट बघून आलेला तो एक क्षण, तोही वाट बघायलाच लावतो. हेच हवं होतं का तुला, असं मी २०१० मधल्या मला विचारते. ती म्हणते, हो, हेच. त्या पोराचा गेम वाचला असता. मी म्हणते, वाचला असता तर यादीत आणखी एक नाव. २०२३ मध्ये हेर्मानने परफेक्ट गेम टाकला, तो तुमच्यापैकी कुणाला आठवतो? ती म्हणते, तुझ्या आठवणीसाठी त्याने का किंमत मोजायची? इथे मला उत्तर सुचत नाही. पण तो हेडफोन दिसला की चिडचिड होते ती होतेच.

बाबा आयपीएल बघत असतात. तिसरा पंच चौथ्यांदा तीच फ्रेम मागेपुढे करू लागला की नाशिकहून फोन येतो: "थांबलेत बघ तुझे कॅमेरावाले." मी सांगते, निकाल बरोबर येऊ दे, मग बोलू. ते म्हणतात, तोवर माझा चहा होतो.