तुम्ही विचारलंत म्हणून: रोजचं वाचन कसं टिकलं

उपासना संपून चर्चच्या आवारात चहा सुरू झाला की कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच. परवा एका नव्या जोडप्याने विचारला. "काका, तुमची सातपूरला शिफ्टची नोकरी. तरी रोजचं शास्त्रवाचन, प्रार्थना कशी होते? आम्ही दर जानेवारीत धरतो आणि सुटतं."

माझंही चुकतं, हे आधी सांगतो. गेल्या महिन्यात सलग तीन दिवस पुस्तक उघडलं नव्हतं. चौथ्या दिवशी मात्र बसलो.

मी त्यांना विचारलं, सुटतं कुठे? दोघंही एकदम म्हणाले, "लेवीय." म्हणजे बायबलचं तिसरं पुस्तक, अर्पणांच्या नियमांचं. वाटलंच होतं. वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र संपवायचं म्हणजे 66 पुस्तकं, 1189 अध्याय, रोजचे तीनाहून जास्त. उत्पत्ती, निर्गम गोष्टींच्या ओढीने पार पडतात. जानेवारी संपता संपता होमार्पणं, अन्नार्पणं सुरू होतात, आणि फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते तोवर माणूस दहा-बारा अध्यायांनी मागे पडलेला असतो. मग वाचन म्हणजे थकलेले हप्ते फेडणं होतं. मी स्वतः दोन वर्षं असेच हप्ते फेडले. त्यातलं एक वचन आज आठवत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, नवख्याने वर्षाची योजना हातात घेऊ नये. मार्कपासून सुरुवात करावी. 16 अध्यायांचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, त्यातला एका मथळ्याखालचा भाग दिवसाला पुरे. एखादा दिवस चुकला तर तो भरून काढायचा नाही. खूण जिथे आहे तिथून पुढे जायचं.

वेळेचं म्हणाल तर सगळे पहाट सांगतात. प्रभू स्वतः पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण ज्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते त्याची पहाट कुठली? मी घड्याळ सोडलं आणि वाचन चहाला बांधलं. झोपून उठल्यावरचा पहिला चहा, मग तो पहाटे पाचचा असो की नाईट करून झोपल्यावर दुपारी दोनचा. शास्त्र ओट्याशेजारच्या फळीवर, साखरेच्या डब्याला टेकून असतं. आधण ठेवलं की हात आपोआप तिकडे जातो. मोबाईलवर वाचत नाही. दुसऱ्या वचनाला सुपरवायझरचा मेसेज येतो. वाचतो ते ओठ हलवून, मला ऐकू येईल इतपत मोठ्याने.

आणि हातात पेन्सिल. हे मी रेव्हरंड टिळकांकडून उचललं. ना. वा. टिळक म्हणजे मराठी ख्रिस्ती कवी, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचे जावई. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने त्यांना नवा करार, म्हणजे येशूपासून सुरू होणारा बायबलचा दुसरा भाग, दिला. सवयीप्रमाणे ते पेन्सिलीने खुणा करत पहिल्या पानापासून वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. पुढे 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मी रोज एकाच वाक्याखाली रेघ ओढतो. माझी प्रार्थना त्या वाक्यातून सुरू होते.

एक दिवस सांगतो. मार्कचा दहावा अध्याय, आंधळा बार्तीमय. वाटेच्या कडेला बसून हाका मारतो, लोक गप्प बस म्हणतात, तो आणखी ओरडतो. प्रभू थांबतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? मी त्याखाली रेघ ओढली. त्या दिवशी मुलीच्या फीचं मागायचं ठरवून बसलो होतो. पण प्रश्न समोर आल्यावर तोंडातून धाकट्या भावाचं नाव आलं. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. चहा उतू जाऊन गॅस विझला, तेव्हा भानावर आलो. भावाला फोन करायला त्यानंतरही पंधरा दिवस लागले, पण केला.

प्रार्थना सुचतच नाही असेही दिवस येतात. मी आधी होतो ती कंपनी बंद पडली तेव्हा पाच महिने घरी बसून होतो. डोळे मिटले की फक्त हप्त्याची तारीख दिसायची. तेव्हा बायको वाचायची. स्तोत्रसंहिता, रोज एक. 88 वं स्तोत्र आलं. ते सुरुवातीपासून गाऱ्हाणं आहे आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तिने वाचून पुस्तक मिटलं. मी म्हटलं, हे शास्त्रात आहे? ती म्हणाली, "आहे ना. म्हणा आमेन." मी आमेन म्हटलं. तेवढीच त्या दिवसाची प्रार्थना. त्या पानावर तिने पेन्सिलीने तारीख घातली आहे, अजून पुसट दिसते.

तुम्ही दोघं आहात, हे फार चांगलं आहे. ज्या दिवशी एकाला जमणार नाही, त्या दिवशी दुसऱ्याने मोठ्याने वाचावं. मार्क, पहिला अध्याय, पहिली आठ वचनं. उद्याच्या चहाला.