एपीडी, टॉर्च आणि साधा डायोड

आमच्या लॅबमध्ये मायकेल्सन इंटरफेरोमीटर आहे, म्हणजे लेझरचा झोत दोन वाटांनी (आर्म्स) पाठवून परत एकत्र करायचा आणि उजेड-अंधाराच्या पट्ट्यांवरून (फ्रिंज) अंतरातला फरक काढायचा. हेलियम-निऑन लेझर, 632.8 नॅनोमीटर, त्याच्यावर पिझोची (व्होल्टेज दिलं की किंचित लांबणारा तुकडा) नॅनोमीटरच्याही खालची हालचाल मोजायची. डिटेक्टर बदलायचा होता आणि नव्या जेआरएफने, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोने, कॅटलॉग चाळून थेट ॲव्हेलांच फोटोडायोड, म्हणजे एपीडीचं मॉड्यूल काढलं. गेन 100, म्हणजे प्रकाशातून निघालेला करंट आतल्या आत शंभरपट. किंमत बघून परचेसवाल्यांचे डोळे पांढरे झाले असते. शेजारच्या लायडारवाल्यांकडे (लेझर सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून अंतर मोजणारे) तसलंच एक होतं, म्हटलं आधी मागून आणू आणि लावून तर बघू.

लावलं. आउटपुट सपाट, फ्रिंजचा पत्ता नाही, कारण हे प्रकरण मायक्रोवॅटभर प्रकाशातच सॅच्युरेट होतं (आउटपुट त्यापुढे वाढतच नाही) आणि आमच्याकडे अर्धा मिलिवॅट. मग पठ्ठ्याने हजारातला एकच भाग सोडणारा एनडी फिल्टर लावला आणि फ्रिंज दिसल्यावर स्वारी खूश. मी म्हटलं, अरे, 999 भाग फेकून द्यायचे आणि उरलेल्या एकाला शंभरने गुणायचं, हा कुठला हिशोब?

"सर, पण सेन्सिटिव्हिटी?"

प्रकाश हजारपट कमी केला की शॉट नॉईजच्या (फोटॉन एकेक करून येतात त्यामुळे होणारा अटळ चढउतार) तुलनेत सिग्नल साधारण तीसपट घसरतो, आणि वर एपीडीचा गेन स्वतःच थरथरत असतो, त्याचा जादा नॉईज वेगळा. लायडारमध्ये परत येणारे फोटॉन मोजकेच, तिथे एपीडी हवाच. इंटरफेरोमीटरला प्रकाशाचा दुष्काळ नसतो. लायगो या गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या इंटरफेरोमीटरच्या 4 किलोमीटरच्या आर्म्सनंतरसुद्धा शेवटी साधे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे डायोडच बसवलेत, एपीडी नाहीत, आणि हिंगोलीजवळ औंढ्याला येऊ घातलेल्या लायगोचं नाव काढल्यावर पोरगं जरा गप्प झालं (मूळचा परभणीचा, तिकडेच जायचं स्वप्न).

मग साधा, आतला गेन नसलेला सिलिकॉन पिन डायोड लावला, पुढे 10 किलोओहमचा ट्रान्सइम्पीडन्स, म्हणजे करंटचं व्होल्टेज करणारा ॲम्प्लिफायर. अर्ध्या मिलिवॅटला साधारण 0.2 मिलिअँपिअर, म्हणजे 2 व्होल्ट. याचा शॉट नॉईज रूट हर्ट्झला 8 पिकोअँपिअर, रेझिस्टरचा स्वतःचा जेमतेम 1.3. कागदावर मस्त. पण कागदावर विश्वास कोण ठेवतो, म्हणून कपाटातला जुना टॉर्च काढला, सेलवर चालणारा, फिलामेंटच्या बल्बचा, म्हणजे त्याचा उजेड लेझरसारखा थरथरत नाही, शॉट नॉईज तेवढा उरतो. मीटरवर तेच 2 व्होल्ट येईपर्यंत तो डायोडच्या जवळ सरकवला आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती नॉईज ते दाखवणारा) बघितला. 80 नॅनोव्होल्टच्या आसपास सरळ रेष, 8 पिकोअँपिअर गुणिले 10 किलोओहम, हिशोबाबरहुकूम. टॉर्च मागे घेऊन प्रकाश निम्मा केला तर रेष बरोबर 3 डीबी खाली, म्हणजे नॉईजची पॉवरही निम्मी, शॉट नॉईजचीच खूण. इलेक्ट्रॉनिक्सचाच नॉईज असता तर ती जागची हलली नसती. जेआरएफने ते स्वतः चार वेळा मागेपुढे करून बघितलं, मला जेवायला जायचं होतं तरी.

लेझर सोडल्यावर मात्र खालच्या फ्रिक्वेन्सीला रेष भरपूर वर, तो लेझरचा स्वतःचा इंटेन्सिटी नॉईज, म्हणजे त्याचा उजेडच कमीजास्त होतो, डिटेक्टरने काय करावं त्याला. आरशांऐवजी कॉर्नर क्यूब (झोत थोडा सरकवून समांतर परत पाठवणारे) असल्यामुळे आमचा दुसरा पोर्ट, म्हणजे उरलेला प्रकाश बाहेर पडायची वाट, बाजूला मोकळा मिळतो, तिथे तसाच दुसरा डायोड लावून वजाबाकी केली, दोन्हीकडे सारखाच असलेला तो नॉईज बराचसा गेला.

खरी डोकेदुखी दुपारनंतर. एसी चालू-बंद झाला की डीसी, म्हणजे आउटपुटचं स्थिर व्होल्टेज, हळूहळू सरकायचं. एक आर्म झाकला, म्हणजे फ्रिंजचा प्रश्नच नाही, तरी सरकायचंच. डायोडच्या डबीला दोन बोटं धरली तर लगेच पळायला लागलं. डबीवरची काच! तिच्या दोन्ही बाजूंवरून साधारण 4-4 टक्के प्रकाश परततो आणि काचेतच छोटा इंटरफेरोमीटर तयार होतो, काच तापली की त्याची फ्रिंज सरकते. एक जुना डायोड घेऊन टोपी कानशीने घासून उडवली, आतली केसासारखी वायर वाचली हे नशीब, आणि थोडा तिरका करून बसवला की परावर्तन लेझरमध्ये न जाता नको तो प्रकाश गिळणाऱ्या काळ्या बीम डंपवर पडेल. बोटं धरली, काही नाही.

इंडेंट (खरेदीचा मागणीअर्ज) बदलून पाठवला: एपीडी रद्द, साधे पिन, विंडो नको. लगेच परचेसमधून फोन, "सर, काच नाही म्हणजे माल डिफेक्टिव्ह तर नाही ना?"