मेलानोमातल्या मूळपेशी मोजताना

मेलानोमा म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग. त्याच्या गाठीत नवी गाठ धरू शकणाऱ्या पेशी, म्हणजेच कर्करोगाच्या मूळपेशी, किती? मिशिगन विद्यापीठात शॉन मॉरिसन यांच्या गटाने २००८ मध्ये रुग्णांच्या पेशी रुळलेल्या पद्धतीने नॉड-स्किड या दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या उंदरांत टोचल्या, तेव्हा उत्तर आलं सुमारे ८,३७,००० मध्ये एक. मग प्रतिकार करणाऱ्या नॅचरल किलर पेशीही नसलेले एनएसजी उंदीर घेतले, पेशी मॅट्रिजेल या आधार देणाऱ्या प्रथिनांच्या जेलमध्ये मिसळल्या, गाठ दिसायची वाट पाहायचा काळ ८ वरून ३२ आठवड्यांपर्यंत नेला. उत्तर आलं साधारण चारांत एक! त्यामुळे असा आकडा वाचताना आधी उंदीर कोणता, हे बघावं.

मोजणी होते ती विरलन पद्धतीने, म्हणजे पेशींची मात्रा पायरीपायरीने बदलत. १, १०, १००, १००० पेशी वेगवेगळ्या उंदरांत टोचायच्या. ज्या मात्रेला ३७ टक्के टोचण्या कोऱ्या राहतात, म्हणजे गाठ धरत नाही, तिच्यात सरासरी एक गाठ धरणारी पेशी आहे असं प्वासाँच्या संभाव्यतेच्या गणिताने धरतात. गाडी अडते ती आधीच. गाठ विरघळवून पेशी सुट्या करताना त्या मेल्या तर प्रमाण खोटंच कमी येतं. दोन पेशी चिकटून राहिल्या तर ‘एक पेशी’ ही नोंदच चुकते. म्हणून जाळीतून गाळणं आणि मृत पेशी रंगवून वगळणं टाळता येत नाही. मॅट्रिजेल तर टोचेपर्यंत बर्फावरच हवं, नाहीतर उबेने सुईतच घट्ट होतं.

अशा पेशी ओळखायच्या कोणत्या खुणेने, म्हणजे पेशीवरच्या कोणत्या प्रथिनाने, हा वाद याहून अवघड. बोस्टनच्या गटाने २००८ मध्ये एबीसीबी-५ सुचवली, स्टॅनफर्डने २०१० मध्ये सीडी-२७१. मॉरिसन यांच्या गटाने २०१० मध्येच या दोन्हींसह २२ खुणा तपासल्या, आणि खूण असलेल्या व नसलेल्या दोन्ही पेशींनी गाठी धरल्या. त्यावर स्टॅनफर्डचा आक्षेप ट्रिप्सिन या पेशी सुट्या करणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर) होता: ते पेशीच्या पृष्ठभागावरची सीडी-२७१ छाटून टाकतं, मग वर्गवारीत पेशी खूण नसलेली दिसते. पेशी सुट्या करायला कोणतं विकर वापरलं, हा तपशील मला निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

माझा कल ‘मूळपेशीपण ही मेलानोमात बदलती अवस्था आहे’ या मताकडे आहे. विस्टार इन्स्टिट्यूटच्या २०१० च्या कामात जॅरिड-१-बी ही खूण असलेल्या पेशींना दुप्पट व्हायला चार आठवड्यांहून जास्त लागत. आणि ती खूण नसलेल्या पेशींतूनही तशा पेशी पुन्हा तयार होत. भराभर वाढणाऱ्या पेशींवर बेतलेल्या औषधातून अशा संथ पेशी वाचतात.

रुग्णाच्या अहवालात मात्र आजाराचा टप्पा यातल्या कुठल्याच खुणेवर ठरत नाही. मूळ गाठीचा टप्पा (‘टी’) ठरतो तो ब्रेस्लो जाडीवर, म्हणजे गाठ त्वचेत किती खोल गेली यावर, आणि तिच्यावरची त्वचा फुटून झालेल्या व्रणावर: व्रण नसताना ०.८ मिमीपेक्षा कमी म्हणजे टी-१-ए, ४ मिमीपेक्षा जास्त म्हणजे टी-४. आपल्याकडे मेलानोमा अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली आढळतो आणि बरेचदा भोवरी वा जखम समजून तसाच राहतो. संशय आला तर शक्य तिथे पूर्ण डाग १ ते ३ मिमी कडेसह काढून पॅथॉलॉजीला द्यावा. वरवर खरवडलेल्या तुकड्यात गाठीचा तळ कापला गेला, तर खरी जाडी मोजता येत नाही.