मान वळवल्याचं दिसलं पाहिजे

काल मोडकाआगरच्या वळणावर आप्पांना राहवलं नाही. "काय गो, मान धरल्ये की काय तुझी? काकूकडे तेल आहे, रात्री लावून घे."

मान धरली नव्हती. मी गाडी चालवत होते. डावीकडे वळायचं म्हणून आधी मधल्या आरशात बघितलं, मग डाव्या आरशात, मग मान वळवून खांद्यावरून मागे. मागे कोण होतं? एक बकरी, तीही रस्त्याच्या पलीकडे. पण ही खोड आता जात नाही. जपानमध्ये लायसनच्या परीक्षेला तीन खेपा घालून, थंडीत कुडकुडत कमावलेली आहे ती.

आप्पा माझे सख्खे काका. वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी घेणारी ट्रॅक्स जीप चालवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली, गुहागर ते चिपळूण आणि परत. मला गाडी त्यांनीच शिकवली, २०१२ च्या मे महिन्यात, बारावीनंतर पहिलं वर्ष उरकून मी घरी आले होते तेव्हा. मैदानबिदान काही नाही. आमच्या वाडीत यायचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि मधे गाडीपुरती जागा. त्यात एक काटकोनी वळण, लगेच दुसरं काटकोनी वळण, की आलं आमचं खळं, घरापुढचं अंगण. तिथून ट्रॅक्स पुढे न्यायची, मग तशीच रिव्हर्स बाहेर काढायची. एकदा मडगार्ड घासलं तर आप्पा ओरडले नाहीत. खाली उतरले, गडग्यावरून पडलेला चिरा परत जागेवर बसवला आणि म्हणाले, "हां, परत घे."

बाकीचं शिक्षण कानाचं. आमच्याकडे वळणापलीकडचं दिसत नाही, ऐकू येतं. वळणाआधी हॉर्न द्यायचा, काच खाली ठेवायची, समोरून एसटीचा हॉर्न आला तर आपण डावीकडे दबून उभं राहायचं. आप्पा आरशात बघताना मला कधी दिसले नाहीत. बघत असणारच, नाहीतर पंचवीस वर्षं निभावली नसती. पण बघितलेलं दिसायचं नाही.

मला पुढे नडलं ते हेच.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी नागोयाच्या पलीकडे एका छोट्या गावात राहायला गेले. जपान म्हटलं की लोकांना बुलेट ट्रेन आठवते. आमच्या गावात शेवटची बस संध्याकाळी सातला. जाताना इथून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता, आरटीओत हजार रुपये भरले की वर्षाचा मिळतो. गाडी तिथेही डावीकडूनच चालते, स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे पहिलं वर्ष मजेत गेलं.

२०२३ ला गणपतीला तीन आठवडे घरी आले तेव्हा शहाणपणा करून पुढच्या वर्षासाठी नवा परवाना काढून घेतला. परत गेल्यावर ऑफिसमधल्या एका बंगाली सहकाऱ्याला कौतुकाने दाखवला. तो म्हणाला, याचा आता कागद म्हणूनच उपयोग. जपानचा नियम असा की परवाना नवा असला तरी वर्ष मोजतात ते तुम्ही देशात उतरल्या दिवसापासून. आणि तिथे रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस तीन महिन्यांच्या आत बाहेर जाऊन परत आला, तर ते उतरणं धरतच नाहीत. म्हणजे माझं वर्ष ऑक्टोबरमध्ये संपणार होतं. तशीच चालवत राहिले असते तर ते विनापरवाना चालवणं झालं असतं, आणि त्याला तिकडे फार कडक शिक्षा आहे. जे जपानला जाऊन राहणार आहेत त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा.

मग उरलं 'गाइमेन किरिकाए', म्हणजे बाहेरच्या देशाचं लायसन देऊन तिथलं घेणं. काही देशांच्या लोकांना परीक्षा माफ आहे. जर्मनी, फ्रान्स, दक्षिण कोरिया, तैवान अशी यादी आहे. त्यांनी कागद द्यायचे, डोळे तपासायचे आणि कार्ड घ्यायचं. आपण त्या यादीत नाही. मला आधी राग आला होता. मग घाटात डबल पट्टीवर ओव्हरटेक करणारे डोळ्यांपुढे आले आणि राग थोडा ओसरला.

कागदांत दोन गोष्टी महत्त्वाच्या. आपल्या लायसनचं जपानी भाषांतर मान्यताप्राप्त संस्थेकडूनच करून घ्यावं लागतं, बहुतेक लोक जाफ या तिथल्या मोटार संघटनेकडून करतात. आणि लायसन मिळाल्यानंतर तुम्ही त्याच देशात निदान तीन महिने राहिलात याचा पुरावा लागतो. माझा नवा पासपोर्ट जायच्या जरा आधीचा. त्यावरून मी भारतात राहिले हे कुठे दिसत होतं? जुना पासपोर्ट होता गुहागरला, माळ्यावर, गणपतीच्या मखराचं सामान ठेवतात त्या पत्र्याच्या ट्रंकेत. आप्पांनी तो शोधून स्पीड पोस्टाने पाठवला. आत वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधलेली पुडी होती, व्याडेश्वराचा अंगारा.

खिडकीमागच्या बाईंनी तो पासपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटला. सगळी पानं कोरी. नऊ वर्षांत मी कुठेही गेले नव्हते याची कॉलेजात असताना लाज वाटायची. त्या दिवशी तीच कोरी पानं कामाला आली. बाईंनी मान डोलावली, मग पानांतून सांडलेली राख टिश्यूने पुसून घेतली आणि काही विचारलं नाही.

डोळ्यांची तपासणी झाली. लेखी परीक्षा तेव्हा सोपी होती, चूक-बरोबरचे दहा प्रश्न, सात बरोबर आले की झालं, आणि इंग्रजीतून देता यायची. आता तसं राहिलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास प्रश्न केले आहेत आणि पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. तेव्हा माझं ऐकून निवांत जाऊ नका, पुस्तक वाचा.

खरी गंमत चालवण्याच्या परीक्षेत. ती रस्त्यावर नसते. केंद्राच्या आवारातच एक खोटं गाव आखलेलं असतं, रस्ते, सिग्नल, चौक, सगळं, फक्त घरं आणि माणसं नाहीत. शंभर गुण घेऊन सुरुवात करायची, चुकलं की कापत जातात, सत्तरच्या खाली गेलात की घरी. परीक्षक शेजारी बसतो आणि मागच्या सीटवर तुमच्यानंतरचा उमेदवार. आमच्या भागात ब्राझीलची माणसं पुष्कळ, माझ्या आधी एक ब्राझिलियन गृहस्थ होते, साओ पावलोत वीस वर्षं ट्रक चालवलेले. बाहेर बाकावर बसून सगळे एकाच गोष्टीच्या धास्तीत होते, 'क्रँक'. अरुंद रस्ता, एक काटकोनी वळण, लगेच दुसरं काटकोनी वळण. चाक कडेला चढलं की गेलात. गृहस्थांचं मागचं चाक चढलं. त्यांनी पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हटलं, ते समजायला भाषा यावी लागत नव्हती.

माझी पाळी आली आणि ते क्रँक बघून मला हसूच आलं. हे तर आमचं खळं! फक्त गडगे नाहीत आणि फणसाचं झाड नाही. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी काढली. त्याच्या आधी गाडीत बसताना मी सवयीने वाकून गाडीखाली बघितलं होतं. आमच्याकडे बघावंच लागतं, ट्रॅक्सखाली सावलीला कोंबड्या बसलेल्या असतात. नेमकं तेच तिथल्या परीक्षेत अपेक्षित असतं, गाडीभोवती फिरून, खाली वाकून बघणं. परीक्षकाने कागदावर काहीतरी टिपलं, मला वाटलं माझं कौतुकच असणार.

आणि मी नापास. 'तोमारे' लिहिलेल्या थांबा-रेषेवर मी थांबले होते, असं माझं मत. चाकं किंचित फिरत होती, असं परीक्षकाचं. आपण ज्याला थांबणं म्हणतो ते त्यांच्या हिशेबात हळू जाणं असतं.

दुसऱ्या खेपेला महिन्याने नंबर लागला. रेषेवर अशी थांबले की मागच्या सीटवरची व्हिएतनामी मुलगी दचकली. क्रँक झकास, एसच्या आकाराचं वळण झकास. परत नापास. या वेळचा परीक्षक वयस्कर होता, शांत. त्याने सावकाश जपानीत सांगितलं, तुमचा हात चांगला आहे, पण 'काकुनिन' नाही. काकुनिन म्हणजे खात्री करून घेणं, बघून घेणं. मी म्हटलं, मी बघितलं की! आरशात बघितलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. तो म्हणाला, मला दिसलं नाही.

बसमधून परतताना मी फुगून बसले होते. अकरा वर्षं गाडी चालवते, घाटात चालवते, पावसात दरड कोसळलेल्या रस्त्यावरून चालवलीय, आणि हा म्हणतो दिसलं नाही! रात्री आप्पांना फोन केला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला दिसायला हवंय ना? मग दाखव. नमनात संकासुर नाचतो तेव्हा शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळतं तो कुठे बघतोय. तशी मान हलव."

नमन म्हणजे आमच्या कोकणातला नाच-नाट्याचा खेळ. त्यात शिमग्यात संकासुर येतो, काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी. बघणं म्हणजे अख्खं डोकं फिरवणं. मी पंधरा दिवस घरात जेवणाच्या खुर्चीवर बसून संकासुर केला. कोर्सचा नकाशा फ्रिजवर लावला, तोंडाने बोलत, हाताने स्टिअरिंग फिरवत. लेन बदलायची: मधला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, मनात एक-दोन-तीन, मान वळवून मागे, मग गाडी. डावीकडे वळायचं: तीस मीटर आधी इंडिकेटर, गाडी डाव्या कडेला लावून घ्यायची म्हणजे मधून सायकलवाला घुसणार नाही, वळता वळता परत मान डावीकडे. आतल्या बाजूने येणारा सायकलवाला चाकाखाली ओढला जातो, त्याला त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे. तो शब्द कळल्यावर मात्र मला हे सगळं निव्वळ नाटक वाटेनासं झालं. आप्पांच्या आयुष्यात डावीकडून सायकलवाला घुसलेला मला आठवत नाही, कारण आमच्या रस्त्याच्या डावीकडे गडगा असतो.

तिसऱ्या खेपेला, फेब्रुवारीत, तोच वयस्कर परीक्षक. मी माणूस नसलेल्या त्या गावातून डोकं गरागरा फिरवत गेले. रिकाम्या फुटपाथकडे बघितलं, रिकाम्या चौकात उजवीकडे-डावीकडे-परत उजवीकडे बघितलं. गाडी लावल्यावर दार उघडण्याआधीसुद्धा मागे वळून बघितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, या वेळी दिसलं.

त्याच दुपारी कार्ड मिळालं.

त्यानंतर एक दिवस डोंगरातल्या रस्त्यावरून जात होते. तिकडे उगाच हॉर्न वाजवणं हा गुन्हा आहे. धोका टाळायला वाजवावा, नाहीतर फलक असेल तिथे. वर्षभरात मी हॉर्नला बोट लावलं नव्हतं. तर एका आंधळ्या वळणावर निळा गोल फलक, त्यात पांढरं भोंग्यासारखं चित्र. हॉर्न वाजवा. मी काच खाली केली आणि असा सणसणीत, लांबलचक, कुंभार्ली घाटातला हॉर्न दिला की बाजूला बसलेल्या नवऱ्याच्या हातातली कॉफी सांडली. समोरून कोणी आलं नाही. पण बरं वाटलं.

इथे आल्यापासून मात्र उलटी पंचाईत. मी वळणावर मान फिरवते आणि हॉर्न द्यायचा विसरते. काल चिपळूणला जाताना प्रत्येक वळणावर आप्पाच शेजारून हात लांब करून हॉर्न दाबत होते. मार्गताम्हान्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी ते जपानी लायसन मागितलं. चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, उलटं करून बघितलं. अक्षरं काही लागली नाहीत. मग फोटोवर अंगठा ठेवून म्हणाले,

"हितं मान सरळ आहे की गो."