भाला पेलायला शिकताना: लेस्टरहून नाशिककरांसाठी

लोखंडी टोप आणि लाल लोकरी कोट घातलेला माझा फोटो घरच्या ग्रुपवर गेल्यापासून नाशिकहून प्रश्न सुरूच आहेत. हे नाटक आहे का? कुठलं शूटिंग आहे का? बायकांना घेतात का? मावशीला वेगळं, शाळेतल्या मैत्रिणींना वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. त्यातून गंगापूर रोडवरच्या माझ्या मावसभावाला हे खरोखर सुरू करायचं आहे, म्हणून जास्तच.

जुन्या लढाया त्या काळच्या कपड्यांत, त्या काळच्या शस्त्रांनिशी मैदानावर पुन्हा उभ्या करण्याचा छंद इथे इंग्लंडमध्ये हजारो लोकांना आहे. कुणी रोमन सैनिक होतं, कुणी 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईत उतरतं, कुणी दुसऱ्या महायुद्धात. मी निवडलं ते इंग्लंडचं यादवी युद्ध, 1642 ते 1651. एका बाजूला राजा पहिला चार्ल्स, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. मी राहते त्या लेस्टरवर 1645 च्या मे महिन्याच्या शेवटी राजाचं सैन्य चालून आलं, न्यूआर्क भागातली भिंत तोफांनी फोडून आत शिरलं आणि शहर लुटलं. दोनच आठवड्यांनी, 14 जूनला, इथून जवळच नेझबीला त्याच सैन्याचा पुरता मोड झाला. त्या वर्षी आपल्याकडे शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते. हे लक्षात आलं आणि हा काळ मला परका वाटेनासा झाला. बंदुकाही इथे आणि तिथे बहुतांशी तोडेदार, म्हणजे पेटत्या दोराने बार काढायच्या, होत्या.

सुरुवात कशी करायची? आधी एखादा कार्यक्रम प्रेक्षक म्हणून पाहायचा आणि लढाई संपल्यावर छावणीत जाऊन बोलायचं. सील्ड नॉट ही यादवी युद्धाची मोठी संस्था 1968 साली ब्रिगेडियर पीटर यंग यांनी सुरू केली. तिच्यात वेगवेगळ्या रेजिमेंट आहेत आणि आपण खरं तर रेजिमेंट निवडतो. तिचा स्वभाव आपल्याला मानवतो का, एवढंच पाहावं. ढोल पथकात असलेल्यांना हे लगेच कळेल: ढोल पथकाचा असतो, सराव महिनोन्‌महिने चालतो, पहिल्या वर्षी तुम्हाला कडेच्या रांगेत उभं करतात आणि पथकाची म्हणून एक रीत असते. इथेही नव्या माणसाला कपडे, टोप, पट्टे रेजिमेंटच्या पेटाऱ्यातून मिळतात. म्हणून पहिल्या मोसमात काहीही विकत घेऊ नका, हे मी मनापासून सांगते. हौसेने आधीच मागवलेली वस्तू बहुतेक वेळा चुकीच्या काळाची निघते. वर्गणी मात्र वेळेवर भरा, कारण सभासदत्वासोबत विमा असतो आणि त्याशिवाय मैदानावर पाय ठेवू देत नाहीत.

स्वतःचं काही घ्यायचंच तर आधी जोडे. वादीने बांधायचे, चामडी तळाचे. ओल्या गवतात ते घसरतात, आणि पायाला न बसणारा जोडा घालून दिवसभर कवायत होत नाही. त्यानंतर लिननचा सदरा, गुडघ्यापर्यंतची लोकरी विजार, लोकरी मोजे. लोकर कशाला, असं मावशीने विचारलं होतं. ठिणगी पडली तर लोकर सहसा पेट घेत नाही. नायलॉन वितळून अंगाला चिकटतं, म्हणून आत घालायचे कपडेसुद्धा तपासतात. मनगटावरचं घड्याळ, नेलपॉलिश, प्लास्टिकची बाटली हे सगळं तंबूत ठेवून यायचं. छावणीतलं जेवण म्हणजे जव, वाटाणे, कांदा, खारवलेलं मांस. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची तर नाहीच. मी शाकाहारी असल्याने माझं वेगळं पातेलं असतं आणि त्याबद्दल आजवर कुणी तोंड वाकडं केलेलं नाही.

आता भाल्याविषयी. पाइक नावाचा हा भाला 16 फुटांचा असतो. त्याचं वजन हातांना कळतं तसं पुस्तक वाचून कळत नाही. उभा धरला की वारा त्याला ओढतो, आडवा केला की टोक खाली येतं आणि खांदा भरून येतो. कवायत शिकवताना 1607 मध्ये छापलेली याकोब द घेनची चित्रं समोर ठेवतात. पाइकच्या एकेका हालचालीसाठी एकेक चित्र, अशी 32. वाचायला न येणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला सैनिक करायचं तर हात कुठे, पाय कुठे, हे असंच दाखवावं लागत असणार. रांगेत उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा उमगलं की या कवायतीत दिखाऊ असं काहीच नाही. शेजारची व्यक्ती एक पाऊल चुकली तर सगळे भाले एकमेकांत अडकतात. खऱ्या लढाईत ते समोरच्यावर रोखले जात. आम्ही सुरक्षिततेसाठी उभे धरतो आणि खांद्याला खांदा लावून समोरच्या फळीला रेटतो. कुणी पडलं तर ठरलेली हाक येते आणि दोन्ही बाजू जागच्या जागी थांबतात. आणि हो, बायकांना घेतात. माझ्या रांगेत बऱ्याच जणी आहेत.

बंदुकीकडे वळायची घाई करू नका. सोऱ्यात भिजवलेला दोर, म्हणजे तोडा, दोन्ही टोकांना पेटवून हातात धरायचा आणि तो तसा पेटता असतानाच बंदुकीची दारू हाताळायची. हे काम ज्याच्या हाताला सवय आहे त्यानेच करावं. गोळी अर्थातच नसते, मैदानावर ठासणीचा गजही वापरत नाहीत, आणि माणसं जवळ असली की नळी वर करूनच बार काढतात. बंदूक बाळगायला पोलिसांचा परवाना लागतो, दारू ठेवायला आणखी वेगळा. देवळालीच्या लष्करी सरावाच्या तोफा ऐकत मोठ्या झालेल्या मला आवाजाचं काही वाटलं नाही. धुराचं वाटलं. चार बार झाले की पन्नास पावलांवरचं काही दिसत नाही, मग ढोल आणि झेंड्यावरच भिस्त. झेंडा पडला की सैन्य का पळतं, हे मला तिथे समजलं.

आईला हे सगळं पटत नाही. माणसं मेली त्या गोष्टीचा खेळ कसला करता, असं ती म्हणते. तिचा प्रश्न योग्य आहे आणि तो मनात ठेवूनच मी मैदानावर जाते. माझं म्हणणं एवढंच, की राजे आणि सेनापती यांची नावं राहतात. भाला धरणारा, तो कुठून आला, त्याने सकाळी काय खाल्लं, त्याचे जोडे कुठे फाटले, हे विचारणारी जागा मला या छंदातच सापडली. प्रेक्षकांतली मुलंही तेच विचारतात: थंडी वाजत होती का, घरी पत्र कसं पाठवायचे?

मावसभावासाठी पुढचं. आपल्याकडे रामशेज किल्ला आहे, शहरापासून पेठ रस्त्याने अर्ध्या तासावर. 1682 मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने त्याला वेढा घातला. एकामागून एक सरदार आले, तोफा चढवायला लाकडी दमदमे, म्हणजे उंच बुरूज, उभारले, तरी पाच वर्षांहून अधिक काळ तो हाती आला नाही. किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडं चढवल्याचं मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान लिहितो. ही गोष्ट नाशिकमधल्या प्रत्येकाला सांगता येते. पण त्या वर्षांत टाक्यांतलं पाणी किती माणसांना पुरत होतं? धान्य कोण वर नेत होतं, कुठल्या वाटेने, रात्री की दिवसा? हे करून पाहता येईल, आणि त्यासाठी शस्त्र लागत नाही. तसंही शस्त्र कायदा 1959 चा आणि दारूगोळ्याचे नियम पाहता बंदुकीपासून सुरुवात करायचा विचारही नको.

पाठीवर धान्याचं पोतं घेऊन पायथ्याच्या आशेवाडीतून गड चढायचा. वर चुलीवर भाकरी करायची, टाक्याजवळ पाण्याचा हिशोब मांडायचा, पहारा वाटून घ्यायचा. गावकऱ्यांना आधी विचारायचं, लागेल ती परवानगी घ्यायची, आणि कचरा खाली आणायचा. गडावर साफसफाईला जाणारी मंडळी तुझ्या ओळखीची आहेतच, त्यांच्यापासून सुरुवात कर. कोल्हापूरकडून मर्दानी खेळ शिकवणारं कुणी नंतर बोलावता येईल.

मी डिसेंबरमध्ये येते आहे. तोवर सुती कापड घेऊन ठेव आणि हाताने शिवणारं कुणी शोध. बाराबंदीला वेळ लागतो, आणि माझ्या मापाचीही एक हवी.