माझा अनुभव: मियाटाचा क्लच आणि न सुटलेला नट

माझ्या गाडीच्या क्लचच्या नळीच्या नटावर ज्या कोणी साधा फिक्स पाना चालवला, त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभं करा. भांडणार नाही. गाडीखाली झोपवेन, तो नट दाखवेन आणि म्हणेन, घ्या, खोला आता.

गाडी १९९२ ची माझदा एमएक्स-५. इथे अमेरिकेत सगळे तिला मियाटाच म्हणतात. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यांपुढे येते, त्यामुळे मी फोनवर सांगितलं तेव्हा पुण्याच्या भावाने आधी 'किती सीटर?' असंच विचारलं. दोन. १६०० सीसीचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आतबाहेर, छप्पर हाताने मागे टाकायचं आणि पुढचे दिवे बोनेटमधून वर येणारे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली. १९९४ च्या मॉडेलपासून इंजिन १८०० सीसीचं झालं आणि ब्रेकही मोठे झाले. म्हणून पार्ट मागवताना नुसतं 'जुनी मियाटा' म्हणून भागत नाही, साल आणि इंजिन दोन्ही सांगा. 

हिवाळाभर गाडी कव्हरखाली होती. मार्चमध्ये काढायला गेलो तर क्लचचं पेडल खाली गेलं ते तिथेच बसलं. पायाच्या बोटांनी वर ओढावं लागलं. भराभर पंप केलं की गिअर पडायचा, तोही कुरकुरत. बोनेट उघडून क्लचची छोटी टाकी पाहिली तर आत तळाशी जेमतेम काळपट तेल. मग खाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सला बसलेला, तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट, म्हणजे टोपण, बोटाने जरा उचललं, आतून थेंब गळाले. निदान तिथेच झालं. जुन्या मियाटात हा सिलिंडर कधी ना कधी जातोच. आतलं रबरी सील झिजतं, तेल बुटात उतरतं आणि पेडलचा दाब क्लचपर्यंत पोहोचतच नाही.

गॅरेजवाल्याने साडेचारशे डॉलर सांगितले. पार्ट तिसेक डॉलरचा. काम काय, तर बाराच्या पान्याचे दोन बोल्ट सोडवायचे, दहाच्या नटाची एक नळी सोडवायची, नवा सिलिंडर लावायचा, नळीत शिरलेली हवा काढायची. मी म्हटलं, एवढ्यासाठी साडेचारशे?

गाडी उचलणं, स्टँडवर ठेवणं, ते सगळं नीट पार पडलं. एवढंच सांगतो: जॅक पुढच्या मधल्या आडव्या बीमला आणि मागे डिफरन्शियलला (मागच्या चाकांच्या मधली गिअरची पेटी) लावा. दारांखालच्या पत्र्याच्या कडेला लावलात तर ती कड दुमडते, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका.

घोडं पेंड खाल्लं ते त्या नटापाशी.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने सांगतो. सिलिंडरला येणारी धातूची नळी त्या नटाच्या पोटातून जाते. त्यामुळे त्याच्यावर रिंग पाना वरून घालता येत नाही, गोटी (सॉकेट) बसत नाही. मग लोक काय करतात, तर घरातला दहा-अकराचा फिक्स पाना काढतात. फिक्स पाना नटाला फक्त दोन बाजूंनी धरतो. नट असतो नरम धातूचा. त्यात वर्षानुवर्षं खालून रस्त्याचं मीठ बसलेलं, कारण न्यू जर्सीत बर्फ पडायचं नुसतं भाकीत झालं तरी मीठ टाकणाऱ्या गाड्या निघतात. जोर लावला की पाना जरासा फाकतो, आणि नट फिरायच्या आधी नटाच्या कडा फिरतात.

याला वेगळा पाना मिळतो. इथे लाइन रेंच म्हणतात. दिसायला रिंग पान्यासारखाच, पण एका बाजूला फट असते, ती नळीवरून सरकवून आत घालायची. मग तो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो. पंधरा-वीस डॉलरचा पाना. माझ्याकडे होता. तो घेऊनच मी खाली झोपलो होतो.

टॉर्च मारला आणि बघतच राहिलो. नटाला सहा कडा असतात, याला धड एकही नव्हती. चोखून चोखून बारीक केलेल्या लिमलेटच्या गोळीसारखा गुळगुळीत. समोरासमोरच्या दोन बाजूंवर तिरके ओरखडे, आणि बाकी सगळीकडे गंज असताना नेमके तेवढे दोनच चमकत होते. फिक्स पान्याचीच खूण ती. आधीच्या मालकाने दिलेल्या कागदांत गॅरेजचं एक बिल आहे, त्यावर याच सिलिंडरचं काम लिहिलंय आणि मजुरीही चांगली जाडजूड लावलीय. नट नासवला तर नासवला, नळीसकट बदलून तरी द्यायचा. तसाच कसाबसा आवळला, पैसे घेतले आणि गाडी सोडून दिली. पुढचा जो येईल तो बघेल. तो पुढचा मी.

लाइन पाना घातला तर तोही गरगर फिरला. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. परत मारलं. मग व्हाइस ग्रिप, म्हणजे आवळून लॉक होणारी पक्कड. तिथे जागा अशी, की वर गिअरबॉक्सचा बोगदा, खालून तुम्ही पाठीवर झोपलेले, हात मनगटापर्यंत आत जातो आणि नंतर कोपराला जागाच उरत नाही. व्हाइस ग्रिपचे दांडे उघडायलाही तिरकं व्हावं लागतं. कसाबसा आवळला, जोर दिला, तो निसटला आणि नटाचा भुगा माझ्या चष्म्यावर. चष्मा नसेल तर गॉगल घाला, ही माझी कळकळीची विनंती. गाडीच्या पोटातला तीस वर्षांचा गंज कुठे पडायचा तर डोळ्यातच पडतो.

गरम करण्याचा सल्ला एका मित्राने दिला. नळीत ब्रेक ऑइल (क्लचलाही तेच लागतं), ते पेट घेतं, शेजारी रबरी होज. तो सल्ला मी तिथेच मिटवला.

मधल्या काळात एक गोष्ट बरी झाली. सिलिंडरचे दोन बोल्ट मी आधी सोडले नाहीत. बरेच जण सिलिंडर खाली ओढून घेऊन मग नट सोडवायला बघतात. सिलिंडर गिअरबॉक्सला पक्का बसलेला असेपर्यंत तुमच्या जोराला काहीतरी आधार असतो. एकदा तो होजवर लोंबकळू लागला, की एका हाताने सिलिंडर धरा, दुसऱ्याने पाना मारा, आणि तिसरा हात देवाकडे मागा.

शेवटी उपाय निघाला तो नट न खोलण्याचा. सिलिंडर फेकायचाच आहे. मग नटाला हात कशाला लावायचा? नळी कापायची, आणि नटासकट सिलिंडर काढून घ्यायचा. पण मग नळीही नवी हवी, आणि ती वर मास्टर सिलिंडरपर्यंत (पेडल दाबलं की तेलाला दाब देतो तो) जाते. जुनी नळी वळणं घेत जाते, मधे रबरी होज येतो. याच्या जागी स्टीलच्या जाळीचा एकसलग होज मिळतो, मास्टरपासून थेट स्लेव्हपर्यंत. खर्च सिलिंडरच्या दुप्पट. कापायला मन धजावत नव्हतं, कारण एकदा कापली की माघार नाही. आणि वरचा नटही असाच निघाला तर गाडी दोन्हीकडून अडकणार.

म्हणून कापण्याआधी वरचा नट सुटतो का ते पाहून घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. माझा वरचा नट मुकाट्याने सुटला, कारण मास्टर सिलिंडर मागे मीच बदलला होता, लाइन पान्याने. तेवढा गर्व आता मला करू द्या. (दोन्ही सिलिंडर एकत्रच बदलावेत असं जुने लोक सांगतात. एका बाजूला नवं सील बसलं, पूर्ण दाब यायला लागला, की दुसऱ्या बाजूचं म्हातारं सील काही दिवसांत मान टाकतं. मास्टर जुना असेल तर या फेरीत तोही उरकून घ्या.)

आणि मग होजची वाट. मागवला तो आला उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीचा. मियाटा जपानमध्ये आणि इंग्लंडमध्ये उजव्या स्टिअरिंगची विकली गेली, तिथे मास्टर सिलिंडर दुसऱ्या बाजूला, त्यामुळे नळीची लांबी वेगळी. ऑर्डरमध्ये मी डावं स्टिअरिंग स्पष्ट लिहिलं होतं, त्याचा स्क्रीनशॉटही पाठवला. तरी 'तुमच्या गाडीचा फोटो पाठवा' असं उत्तर आलं. गाडीचा! स्टिअरिंगचा फोटो काढून पाठवला. मग बदलीचा होज निघाला, आणि तोवर एप्रिलचे सगळे कोरडे, उन्हाचे शनिवार-रविवार गाडी स्टँडवरच. छप्पर उघडून फिरायचे दिवस ते. शेजारी रोज विचारायचा, झाली का? शेवटी मी गॅरेजचं शटर बंद ठेवायला लागलो.

होज आल्यावर लोखंड कापायच्या छोट्या करवतीने नळी कापली. दोन मिनिटांचं काम. खाली भांडं ठेवा, तेल येतंच. बाराचे दोन बोल्ट, त्यातला वरचा लांब एक्स्टेन्शन लावून गोटीने, आणि सिलिंडर हातात. नट अजूनही त्याच्यातच आहे. परवा मी त्याला व्हाइसमध्ये धरून, गोटी ठोकून बसवून पाहिली. कापल्यामुळे आता गोटी बसते ना. तरी सुटला नाही तो नट. तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

नवा होज बसवताना तो एक्झॉस्टच्या जवळून जाणार नाही आणि कुठे घासणार नाही असा बांधा. आधी दोन्ही टोकं हाताने आट्यात बसवा, पाना नंतर. तिरके आटे गेले तर नवा सिलिंडरही गेला. आणि सिलिंडर बोल्टने बसेपर्यंत कोणालाही पेडलला पाय लावू देऊ नका, पिस्टन उडून बाहेर येतो.

हवा काढायला दुसरं माणूस लागतं. बायकोला बसवलं. तिच्या एका कानात ऑफिसची मीटिंग चालू होती.

'दाब.'

'दाबलं.'

'धरून ठेव, मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.'

'अरे धरलंय. तू कर पटकन, माझी बोलायची पाळी येईल आता.'

ब्लीडर (सिलिंडरवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडायचा, तेल आणि बुडबुडे येऊ द्यायचे, बंद करायचा, मगच 'सोड' म्हणायचं. 'धरलं' असं ऐकू आल्याशिवाय ब्लीडर उघडू नका, नाहीतर हवा उलटी आत जाते. रिकाम्या होजमध्ये हवा भरपूर असते, त्यामुळे वरची टाकी सारखी भरत राहा. टाकी लहान आहे, बघता बघता तळ दिसतो. सुरुवातीला पेडल मेल्यासारखंच राहतं. घाबरू नका. नंतर एका क्षणी पायाला काहीतरी लागतं. 'आता जड लागतंय,' बायको म्हणाली, आणि मला गाडीखालून ओरडावंसं वाटलं. मीटिंग होती म्हणून गप्प बसलो.

ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नुसतं पुसू नका. ते रंग खातं. मास्टर सिलिंडरच्या खाली रंग फुगलेला दिसला तर समजा तो गळतोय.

गाडी स्टँडवर आहेच तर आणखी दोन कामं करून घ्या. सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत छपराचं पाणी उतरायची भोकं असतात, ती पानांनी तुंबतात, पाणी दारांखालच्या पोकळीत साचतं आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून सडतो. मऊ प्लास्टिकची पट्टी घालून साफ करा, तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते. आणि दिव्याची मोटर मेली तर बोनेटखाली मोटरवर रबरी टोपीखाली एक गोल मूठ असते, ती फिरवून दिवा हाताने वर करता येतो. रात्री रस्त्यात हे माहीत असलेलं बरं.

आता गिअर लोण्यात सुरी जावी तसा वगैरे पडतो असं म्हणणार नाही. पडतो, आवाज न करता, एवढंच. पुढचं काम टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या पट्ट्याचं. तो ६०,००० मैलांना बदलायचा असतो आणि माझा थोडा उशिरात आहे. पण या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडेल, टो करून आणावी लागेल, इंजिन मात्र वाचेल. म्हणून ते काम पावसाळी शनिवारसाठी राखून ठेवलंय.